नवं ऑल-वूड ब्लेड घेतलंय? रबर चिकटवण्याआधी एवढं तपासा

टेबल टेनिसची बॅट दोन गोष्टींची बनते. आतलं लाकूड म्हणजे ब्लेड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेलं रबर. रबर झिजतं, नियमित खेळणाऱ्याला ते काही महिन्यांनी बदलावंच लागतं. ब्लेड मात्र नीट सांभाळलं तर कित्येक वर्षं जातं. त्यामुळे जास्त विचार ब्लेडचा व्हायला हवा. होतं उलटंच. खोक्यावर छापलेले स्पीड आणि कंट्रोलचे आकडे बघून किंवा यूट्यूबवरचा एखादा रिव्ह्यू ऐकून ब्लेड मागवलं जातं.

वसई पूर्वेच्या सातिवलीत राहून सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा जवळच्या क्लबात खेळणाऱ्याची अडचण आणखी वेगळी असते. आठ-दहा ब्लेड हातात घेऊन तोलून बघता येतील असं दुकान हाकेच्या अंतरावर नसतं. मग ऑर्डर ऑनलाइन जाते. पार्सल आलं की उत्साहात त्याच संध्याकाळी रबर चिकटवलं जातं, आणि इथेच गणित चुकतं. रबर चिकटलेलं ब्लेड सहसा कुणी परत घेत नाही. काही हजार रुपयांची वस्तू आवडली नाही तरी गळ्यात पडते, किंवा निम्म्या किमतीत विकावी लागते.

म्हणून ब्लेडची परीक्षा दोन टप्प्यांत घ्यायची. पहिला टप्पा रबर चिकटवण्याआधी, घरच्या घरी. दुसरा त्यानंतर, टेबलावर.

ऑल-वूड म्हणजे नेमकं काय?

नावाप्रमाणे, ज्या ब्लेडमध्ये फक्त लाकडाचे थर आणि त्यांना जोडणारा गोंद असतो ते ऑल-वूड. दुसऱ्या प्रकारात लाकडाच्या थरांमध्ये कार्बन, अरायलेट किंवा काचतंतूंचं पातळ जाळीदार कापड घातलेलं असतं.

आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमानुसार बॅटचा आकार, घडण आणि वजन कितीही असू शकतं, पण ब्लेड सपाट आणि ताठ हवं. त्याच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. तंतूंचा प्रत्येक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. म्हणजे ६ मिलिमीटरच्या ब्लेडमध्ये ५.१ मिलिमीटर तरी लाकूड असलंच पाहिजे. थोडक्यात, जगातलं सगळ्यात महागडं कार्बन ब्लेडसुद्धा मुळात लाकडीच असतं.

मग फरक कुठे पडतो? कार्बनमुळे ब्लेड ताठ होतं, बॉल लवकर सुटतो आणि बॅटच्या कडेकडे लागलेला बॉलही बऱ्यापैकी वेगाने जातो. ऑल-वूड ब्लेड थोडं जास्त वाकतं, जास्त थरथरतं. ती थरथर हातापर्यंत पोहोचते आणि बॉल बॅटच्या मध्यावर लागला की कडेला, जोरात लागला की हलका, हे खेळणाऱ्याला कळतं. शिकणाऱ्या मुलांना पाच थरांचं ऑल-वूड ब्लेड द्या, असं अनेक प्रशिक्षक सांगतात ते याच कारणाने. चूक झाली की ती हाताला समजते.

स्टिगा ऑलराउंड क्लासिक, यासाका स्वीडन एक्स्ट्रा, बटरफ्लाय कोर्बेल ही पाच थरांची गाजलेली उदाहरणं. स्टिगा क्लिपर हे सात थरांचं. सात थरांची ब्लेड साधारणपणे जाड, जड आणि वेगवान असतात. जपानी हिनोकी लाकडाचं एकाच थराचं ब्लेडही मिळतं. ते ९-१० मिलिमीटर जाड असतं.

कुठलं लाकूड, कशासाठी?

बहुतेक ऑल-वूड ब्लेडचा गाभा आयूस नावाच्या पश्चिम आफ्रिकी लाकडाचा असतो. हे लाकूड हलकं असतं. एका घनमीटरचं वजन साधारण ३५० ते ४०० किलो, म्हणजे सागवानाच्या निम्म्याच्या थोडं पुढे. आपल्याकडची काटेसावर ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे झाड.

सगळ्यात वरचा थर बहुधा लिंबा किंवा कोटो या लाकडाचा असतो. लिंबा म्हणजे पालघरच्या जंगलांत दिसणाऱ्या ऐनाचा आफ्रिकी भाऊबंद. हिरडा, बेहडा, अर्जुन हेही त्याच प्रजातीचे. लिंबा तुलनेने मऊ, त्यामुळे बॉल किंचित जास्त वेळ बॅटवर राहिल्यासारखा वाटतो. कोटो अधिक कठीण, त्यावरून बॉल झटकन सुटतो.

साधारण रचनेत वरच्या थराच्या रेषा हँडलच्या दिशेने उभ्या, त्याखालच्या थराच्या आडव्या आणि गाभ्याच्या पुन्हा उभ्या असतात. प्लायवूडमध्ये असते तीच युक्ती. एका दिशेने लाकूड सहज वाकतं किंवा फुटतं, दुसऱ्या दिशेचा थर त्याला आवर घालतो.

खोक्यावरचे आकडे का फसवतात?

पहिलं कारण सरळ आहे. ब्लेडचा स्पीड किंवा कंट्रोल मोजायची सर्वमान्य पद्धत नाही. एका कंपनीचा ९० आणि दुसऱ्या कंपनीचा ९० यांचा एकमेकांशी संबंध नसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची तुलना करायला हे आकडे थोडेफार उपयोगी पडतात, बस. महासंघ स्पर्धेसाठी रबरांना मान्यता देतो आणि त्यांची यादी प्रसिद्ध करतो. ब्लेडची अशी यादी नसते. त्यामुळे 'मान्यताप्राप्त ब्लेड' अशी जाहिरात दिसली तर त्यावर फार विसंबू नका.

दुसरं कारण लाकूड स्वतः. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. एकाच मॉडेलची दोन ब्लेड एकमेकांपेक्षा ५ ते १० ग्रॅमने हलकी-जड निघणं नेहमीचं आहे. म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याच्या हातात ८४ ग्रॅमचं ब्लेड असेल आणि तुमच्या पार्सलमध्ये ९३ ग्रॅमचं. नाव एक, वस्तू दोन.

तिसरं कारण जुनी कीर्ती. २००० साली बॉल ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला. २००८ मध्ये विषारी वाफा सोडणाऱ्या स्पीड ग्लूवर बंदी आली. २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिकचा बॉल आला. प्रत्येक बदलाने बॉलचा वेग आणि फिरकी काहीशी कमी झाली. 'हे ब्लेड फार फास्ट आहे' हे मत वीस वर्षांपूर्वीचं असेल, तर ते वेगळ्या बॉलबद्दलचं आणि वेगळ्या गोंदाबद्दलचं मत आहे.

मुंबईने १९५२ मध्ये काय पाहिलं?

साधनाने खेळ कसा बदलतो, याचं टेबल टेनिसमधलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आशियात भरलेली ही पहिलीच जागतिक स्पर्धा. जपानचा हिरोजी सातोह तिथे जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. बाकीचे खेळाडू तेव्हा बारीक दाणे असलेलं साधं रबर वापरायचे. त्यावर बॉल आपटला की टक् असा आवाज यायचा. सातोहच्या बॅटचा आवाजच येत नव्हता. बॉल किती जोरात आणि कधी सुटला, हे समोरच्याला कळेना. अंतिम फेरीत हंगेरीच्या योझेफ कोझियानला हरवून सातोह जगज्जेता झाला.

त्यानंतर बराच वाद झाला आणि १९५९ मध्ये रबराच्या जाडीचे नियम ठरले. स्पंज आणि रबर मिळून ४ मिलिमीटरची मर्यादा आजही आहे.

नवं ब्लेड तपासणाऱ्यासाठी यात दोन धडे आहेत. एक, खेळाडू फक्त डोळ्यांनी खेळत नाही, कानांनी आणि हातानेही खेळतो. दोन, बॅटमधला सगळ्यात मोठा फरक रबराने पडतो. त्यामुळे रबर वेगळं ठेवून ब्लेडची तुलना केली, तर ती तुलना रबराचीच होते.

पहिला टप्पा: रबर लावण्याआधी

यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक व्हर्निअर आणि मोबाइल एवढंच लागतं. व्हर्निअर घरी नसेल तर सातिवली-वालीवच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये ओळखीचं कुणी लेथवर काम करत असेल, त्याच्याकडे दोन मिनिटांचं काम आहे.

वजन: बहुतेक ऑल-वूड ब्लेड ८० ते ९५ ग्रॅममध्ये बसतात. कापून लावलेलं एक रबर साधारण ४० ते ५० ग्रॅमचं. ८५ ग्रॅमचं ब्लेड आणि ४७ ग्रॅमची दोन रबरं म्हणजे १७९ ग्रॅमची बॅट. तेच ब्लेड ९५ ग्रॅमचं निघालं आणि रबरं जड निवडली, तर बॅट सहज १९५ ग्रॅमच्या आसपास जाते. तरुण खेळाडूला ते पेलेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मात्र दीड-दोन तासांच्या सरावात हे वजन मनगट आणि खांद्यात जाणवतं, आणि तो नकळत फटका अर्धवट सोडायला लागतो. फटक्याची सवय याच वयात लागते, म्हणून मुलांसाठी वजन हा पहिला निकष ठेवावा.

जाडी: हँडलच्या वर, मधोमध आणि टोकाजवळ अशी तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एका बाजूला ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक दिसला, तर ब्लेड नीट दाबलं किंवा घासलं गेलेलं नाही. जाडीला इतकं महत्त्व का? एकाच प्रकारच्या लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५.६ मिलिमीटरच्या जागी ६.२ मिलिमीटर म्हणजे जाडी जेमतेम ११ टक्क्यांनी वाढली, पण ताठपणा सुमारे ३५ टक्क्यांनी. डोळ्यांना न दिसणारा फरक बॉलला दिसतो.

सपाटपणा: स्टीलची पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून उजेडाकडे धरा. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली तर ब्लेड वाकलेलं आहे. सपाट नसलेलं ब्लेड नियमातही बसत नाही. यावर तडजोड नको, परत पाठवा.

तोल: ब्लेड आडवं धरून पेन्सिलीवर ठेवा आणि ते कुठे समतोल राहतं तिथे खूण करा. हँडलच्या टोकापासून ते अंतर मोजून लिहून ठेवा. दोन ब्लेड ८८-८८ ग्रॅमची असली, तरी एकाचं हँडल पोकळ असेल तर त्याचं वजन डोक्याकडे जातं. असं ब्लेड टॉपस्पिनला जोर देतं, पण टेबलाजवळ पटकन बाजू बदलताना जड वाटतं. जुन्या ब्लेडचंही माप घेतलं की तुलना करता येते.

आवाज: हँडल बोटांत हलकं धरा आणि ब्लेडच्या मध्यावर बॉलने टकटक करा. मोबाइलवर ध्वनीची वारंवारता दाखवणारं कुठलंही मोफत ॲप लावलं तर आकडाही मिळतो. तो साधारण १००० ते १६०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. एकाच आकाराच्या ब्लेडमध्ये आकडा जास्त म्हणजे ब्लेड जास्त ताठ, कमी म्हणजे जास्त लवचिक. हा आकडा खोक्यावरच्या स्पीडपेक्षा भरवशाचा, कारण तो तुमच्या हातातल्या ब्लेडचा असतो. टकटक केल्यावर फाटक्या डब्यासारखा खरखरीत आवाज आला, तर आत कुठेतरी थर सुटलेला असू शकतो.

नजर: कडेने बघा. थरांमध्ये फट, गोंद उतू आलेला, गाठ किंवा हँडलपाशी तडा दिसतोय का? हँडलचे दोन्ही भाग ब्लेडशी घट्ट बसलेत का? वरच्या थराच्या रेषा हँडलच्या दिशेत सरळ आहेत की तिरक्या? फोटो काढून ठेवा. परत पाठवायची वेळ आली तर तेच कामी येतात.

हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. यात ब्लेड नापास झालं तर रबराला हात लावू नका.

दुसरा टप्पा: टेबलावर

इथे नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुन्या ब्लेडवर झिजलेलं रबर आणि नव्यावर कोरं रबर लावून खेळलात, तर नवं ब्लेड जिंकणारच. पण ती जीत कोऱ्या रबराची. पाण्याच्या गोंदाने लावलेलं रबर सावकाश सोडवून दुसऱ्या ब्लेडवर लावता येतं, त्यामुळे दोन्हीकडे तेच रबर ठेवणं शक्य आहे. सोडवताना घाईने ओढू नका. लिंबासारख्या मऊ थराचे तंतू रबरासोबत निघून येतात. रबर लावण्याआधी वार्निशचा अगदी पातळ एक हात दिला तर हे टळतं. दोन-तीन जाड हात दिले, तर ब्लेडचा स्वभावच बदलतो.

टेबलही तेच, बॉलही तेच. टेबलाची परीक्षा सोपी आहे. नियमाप्रमाणे ३० सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल टेबलावरून सुमारे २३ सेंटिमीटर उसळायला हवा. तो १८-२० वरच थांबत असेल तर 'ब्लेड स्लो आहे' हा निष्कर्ष काढू नका.

मग पाच फटके निवडा. छोटा पुश, ब्लॉक, ब्लॉकवर टॉपस्पिन, बॅकस्पिनवर टॉपस्पिन आणि सर्व्हिस. प्रत्येकाचे १० बॉल हात बसवायला सोडून द्या आणि पुढचे ५० मोजा. किती टेबलावर पडले, किती नेटमध्ये गेले, किती लांब गेले, ते जोडीदाराला लिहायला सांगा. पन्नासात दोन-तीन बॉलचा फरक हा निव्वळ योगायोग असू शकतो. आठ-दहाचा फरक आला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर त्याला अर्थ आहे.

चुका कुठे होतात हे जास्त बोलकं असतं. छोटा पुश आणि ब्लॉक सारखे लांब जात असतील, तर ब्लेड तुमच्या हाताला फार ताठ आहे. बॅकस्पिनवरचा टॉपस्पिन सतत नेटमध्ये जात असेल, तर बॉल वर उचलला जात नाहीये. एखादा सणसणीत विजयी फटका सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि तोच स्टेटसला जातो. पण गेम ११ गुणांचा असतो आणि त्यातले बरेच गुण छोट्या, साध्या बॉलवर जातात. ब्लेड कसं आहे ते तुमच्या सगळ्यात चांगल्या फटक्यावरून ठरवू नका, नेहमीच्या चुकांवरून ठरवा.

समोरच्या खेळाडूलाही विचारा. बॉल जड येतोय का, खोल पडतोय का, वाचायला सोपा जातोय का? त्याला ब्लेडची किंमत सांगू नका. महाग वस्तू चांगलीच वाटते, हा माणसाचा स्वभाव आहे.

निकाल पहिल्या दिवशी लावू नका. नव्या वजनाला आणि तोलाला हात सरावायला किमान दोन-तीन आठवडे द्या.

वसईच्या हवेचा हिशोब

ऑल-वूड ब्लेडला किनाऱ्यावरच्या पावसाळ्याची वेगळी झळ बसते. लाकूड हवेतली ओल शोषतं. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात साधारण १२ टक्के पाणी मुरतं, ८५ टक्के असताना सुमारे १८ टक्के. कागदावर हिशोब केला तर ८५ ग्रॅमचं ब्लेड जुलैत चार-साडेचार ग्रॅमने जड व्हायला हवं. रबर, वार्निश आणि आतला गोंद ही ओल अडवतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ कमी होते आणि हळूहळू होते. पण होते. ओलसर ब्लेड थोडं मऊ लागतं.

शिवाय दमट हवेत रबरावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि बॉल घसरतो. मे महिन्यात घेतलेलं ब्लेड जुलैत 'बिघडलं' असं वाटलं, तर आधी रबर सुक्या कापडाने पुसून बघा.

उपाय साधे आहेत. बॅट बंद कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. घामाने ओलं झालेलं हँडल वाळल्याशिवाय कव्हरमध्ये घालू नका. कडांना टेप लावा. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत बॅट विसरू नका, तिथे उलटा त्रास होतो. लाकूड घाईने सुकतं आणि वाकतं. दर दोन महिन्यांनी वजन करून तारखेसह लिहून ठेवलं, तर तुमच्या ब्लेडचा ऋतूंप्रमाणे होणारा बदल तुम्हालाच कळेल.

मग ठेवायचं की परत करायचं?

वाकलेलं, थर सुटलेलं, जाडीत असमान किंवा सांगितलेल्या वजनापेक्षा फारच वेगळं ब्लेड आलं, तर परतीच्या मुदतीत लगेच परत. शक्य असेल तर ऑर्डर करतानाच विक्रेत्याला वजन विचारा. अनेक विक्रेते काट्यावर ठेवून फोटो पाठवतात.

मापं ठीक असली पण टेबलावर चुका वाढल्या, तर दोन-तीन आठवड्यांनंतर आधी रबराचा विचार करा. ताठ ब्लेडवर मऊ किंवा पातळ स्पंजचं रबर लावलं की बरंच जमून जातं, आणि ते नव्या ब्लेडपेक्षा स्वस्त पडतं.

आणि मापं ठीक, चुका कमी, हातही दुखत नसेल, तर शोध तिथेच थांबवा. पुढच्या महिन्यात आणखी एक नवं मॉडेल येईल आणि त्याच्या खोक्यावर आणखी मोठा आकडा असेल. तोपर्यंत जुन्या ब्लेडवर महिनाभराचा सराव झालेला असेल. खेळात तोच जास्त दिसतो.